देवचौकासमोर
गेल्या दिवाळीत सोसायटीतल्या मुलांना मी पणत्यांवर वारली शिकवलं. त्रिकोणाला त्रिकोण, वर टिकली, झाला माणूस. मानधनही घेतलं.

मग डहाणूकडच्या एका पाड्यावर लग्नाला जायचा योग आला. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, लिहीत होत्या. हो, ‘लिहीत’, त्यांचा शब्दच तो आहे. हातात चावून मऊ केलेली बांबूची काडी, मधोमध पालघट देवी. हा चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. मी फोटोसाठी मोबाईल उचलला, तशी एक आजी म्हणाली, “बाय, आधी देवीला हात जोड.”

फार लाज वाटली. माझ्या पणत्यांवर देवी कुठेच नव्हती.

गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१४ साली या कलेला भौगोलिक मानांकन. तरी उशीच्या अभ्र्यावर वारली मिरवणारे आपण, त्याच माणसांना ‘आदिवासी’ म्हणताना नाक मुरडतो. याचा मला संताप येतो.

यंदा वर्ग पाड्यावरची चित्रकार ताई घेणार आहे. मानधन तिचं, कमिटीशी भांडून वाढवून घेतलंय. मी तांदूळ भिजत घालणार आणि मुलांमध्ये बसणार.