एकच गळा, दोन गाणी

एस्टोनियाच्या राजधानीत, ताल्लिनमध्ये, कादरिऑर्गला ट्राम संपते. तिथून बागेतून समुद्राकडे उतरलो आणि किनाऱ्याच्या रस्त्याने चालत लौलुवाल्याकला, म्हणजे गाण्याच्या मैदानावर पोचलो. जूनची संध्याकाळ. साडेनऊ वाजले तरी ऊन होतं. रंगमंचावरची 1960 सालची ती प्रचंड कमान फोटोत पाहिलेली होती, पण समोरची हिरवी उतरण किती मोठी आहे हे तिथे बसल्यावरच कळलं.

मी आलो होतो तोनिस मॅगीसाठी. 1948 साली याच शहरात जन्मलेला हा गायक. आवाज भरदार, किंचित खरखरीत. सोव्हिएत काळात ताल्लिनकरांना खाडीपलीकडचा फिनलंडचा टीव्ही दिसायचा, त्यामुळे पाश्चात्त्य रॉक इथे लवकर झिरपला आणि एस्टोनियाचे गायक सगळ्या सोव्हिएत संघाला नवे, वेगळे वाटले. मॅगी रशियनमध्ये गायला आणि घराघरात पोचला. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकसाठी संगीतकार तुखमानोव्हने बांधलेलं गाणं त्याच्याच आवाजात आहे. त्या ऑलिंपिकच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती झाल्या त्या इथून थोड्याच अंतरावर, पिरिताला.

आणि 8 वर्षांनी हाच गळा 'कोइत' गायला. कोइत म्हणजे पहाट. एस्टोनियन कथेत कोइत आणि हॅमारिक, पहाट आणि सांज, हे प्रेमिक आहेत. उन्हाळ्यातल्या सर्वांत छोट्या रात्रीच काय ती त्यांची भेट होते. आपल्याकडे पहाट म्हटलं की भूपाळी आठवते, शांत, देवाला उठवणारी. 'कोइत' संथ सुरू होतं खरं, पण ते माणसांना उठवतं. 11 सप्टेंबर 1988 रोजी याच उतरणीवर स्वातंत्र्याच्या ओढीने गाणी गायला सुमारे 3 लाख लोक जमले होते असं सांगतात. अख्ख्या देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम साडेपंधरा लाख! वर्षानुवर्षं बंदी असलेले एस्टोनियाचे निळे-काळे-पांढरे राष्ट्रीय झेंडे उघड फडकत होते. पुढे 1991 च्या ऑगस्टमध्ये देश सोव्हिएत संघापासून पुन्हा स्वतंत्र झाला.

लोकप्रियता मोजायला खपलेल्या तबकड्या धरतात. मला या माणसाची लोकप्रियता त्या उतरणीत दिसली. परक्या भाषेत नाव कमावलेल्या गायकाला त्याच्या माणसांनी परकं मानलं नाही. सगळ्यांत गरजेच्या वेळी त्याचंच गाणं त्यांनी आपलं म्हणून घेतलं.

वर, उतरणीच्या माथ्यावर, संगीतकार गुस्ताव एर्नेसाक्स यांचा ब्राँझचा पुतळा मंचाकडे बघत निवांत बसला आहे. त्याच्या शेजारी बसून मी कानात 'कोइत' लावलं. दोनदा ऐकलं.

रात्री मुक्कामाच्या घरी मालकीणबाईंना सांगितलं. त्या 1988 मध्ये विशीत होत्या. त्यांनी माझ्या हातातला नकाशा घेतला, चष्मा लावला आणि मैदानाच्या डाव्या कडेला बोट ठेवलं. इथे, म्हणाल्या. बहिणीबरोबर उभ्या होत्या त्या. मग ऑलिंपिकच्या गाण्याचं विचारलं, तर तेही त्यांनी रशियनमध्ये गुणगुणून दाखवलं, अगदी पाठ.