समजून द्या

सिंकखालचं कपाट उघडलं की पूर्वी फिनेलची बाटली, भांड्याच्या घासण्या आणि एखादं चुकार झुरळ दिसायचं. आता तिथं एक करडं, पोटफुगं यंत्र लटकलेलं असतं, सिंकमधलं खरकटं दळून पाण्याबरोबर ड्रेनेजात सोडणारं. लेकीची भेट. ती अमेरिकेत मिलवॉकीला असते. आईने जन्मभर सिंकच्या जाळीतलं खरकटं बोटांनी उचललं ते पुरे झालं, असं तिचं मत. तिच्या घराजवळच्याच रेसीन गावात जॉन हॅम्स नावाच्या आर्किटेक्टने १९२७ साली बायकोसाठी असं पहिलं यंत्र बनवलं, ही हकिकत तिने मला फोनवर दोनदा सांगितली. दोन्ही वेळा आधी "स्पीकर चालू आहे ना?" असं विचारून. आमच्या ह्यांनी दोन्ही वेळा पेपर आणखी वर धरला.

यंत्र इथलंच, २३० व्होल्टचं. बसवताना जुन्या सिंकचं भोक लहान पडलं म्हणून सिंक बदललं, सिंक बदललं म्हणून कडप्पा कापला. ते सगळं करणारा पोरगा नंतर कधीच दिसला नाही. त्याचा फोन लागतो, पण उचलतो तो दुसराच कुणीतरी.

चार महिने बरं चाललं. मग एका रविवारी शेवग्याच्या शेंगांची आमटी केली. सहा पानं जेवून उठली, आणि चघळलेल्या शेंगांचा सगळा चोथा मी मोठ्या ऐटीत त्या भोकात ढकलला. यंत्राने घरघर केली, मग नुसतंच 'हूंऽऽ' म्हणालं आणि गप्प बसलं. सिंकमध्ये हिरवट पाणी तुंबलं. वर मोहरी तरंगत होती.

लेकीने सांगितलेल्या ॲपवर गेले. पिनकोड टाकला तर 'तुमच्या शहरात ही सेवा अजून सुरू झालेली नाही.' कंपनीला फोन केला. एका गोड आवाजाच्या मुलीने माणूस पुण्याहून येईल असं सांगितलं. कधी, ते मात्र सांगितलं नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. सोलापुरात कारागीर नावाने सापडत नाही, खुणेने सापडतो. दुकानदार म्हणाला, "पूर्व भागातले अण्णा आहेत बघा, लुनाला शिडी बांधलेली असते ते. चहाच्या टपरीवर निरोप ठेवतो." मीही नंबर मागितला नाही. निरोपावर येणारा माणूस फोनवर येणाऱ्यापेक्षा खात्रीचा, असा आपला माझा अनुभव.

अण्णा दुसऱ्या दिवशी आले. साठीचे, मराठी तेलुगूच्या हेलाची. कपाटासमोर उकिडवे बसले आणि कशालाही हात न लावता म्हणाले, "चालू करा एकदा." मी बटन दाबलं. 'हूंऽऽ'. "बंद करा बंद करा." मग आधी भिंतीतला प्लग काढला, पिशवीतून पाना नंतर. ह्या क्रमावरूनच मला माणूस पटला.

"मोटर जळाली नाही अक्का. गुंगती आहे, म्हणजे अडकलंय. जळाली असती तर आवाज नसता, वास असता."

हे कान त्यांना कुठून आले ते मग कळलं. उमेदीची वर्षं त्यांनी मागावर काढली होती, पॉवरलूमच्या. पन्नास माग खडखडत असताना आपला कुठला बिघडलाय ते ओळखणाऱ्या माणसाला माझं एक यंत्र काय भारी?

यंत्राबरोबर एक वाकडी किल्ली आली होती का, त्यांनी विचारलं. आली होती. गच्चीवरच्या दोरीला चिमट्यांची पिशवी टांगायला मी चार महिने तिचा आकडा केला होता. अण्णांनी ती यंत्राच्या बुडाच्या भोकात घालून इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवली. कट्. मग आत बॅटरी मारली, पकडीने चोथ्याची शेंडी ओढून काढली. शेवटी बुडाशी असलेलं एक तांबडं बटन दाबलं. मोटर तापली की ते आपोआप बाहेर येतं म्हणे. इतके दिवस मी ते दिवाच समजत होते.

तेव्हाच कळलं की आत पाती नसतातच. फिरत्या तबकडीवर दोन बोथट गुटके असतात. ते खरकटं बाजूच्या दातेरी कड्यावर भिरकावतात आणि तिथं ते किसलं जातं. म्हणून गाजराचा तुकडा चालतो, पण शेवगा, मक्याची केसं, कांद्याची सालं आत गेली की गुंडाळून बसतात. भात फुगतो. तूप-तेल तर नकोच. ते पाइपात जाऊन थिजतं. पाणी गार सोडायचं तेही त्याचसाठी, तेल घट्टच राहावं म्हणून. "आणि एवढं दळून पुढं ड्रेनेज चोकअप झालं तर मला बोलवू नका," अण्णा म्हणाले. त्यांची ही भीती एकट्याची नव्हे. जुन्या गटारांच्या काळजीपोटी न्यूयॉर्कमध्येही १९९७ पर्यंत ह्या यंत्रावर बंदी होती.

सगळं मिळून वीस मिनिटं. आता अवघड भाग.

"किती झाले अण्णा?"

"द्या की. समजून द्या."

समजून! शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, पण ह्या एका शब्दाचं उत्तर मला कधी आलं नाही. वीस मिनिटांचे द्यावेत, की मागावरच्या वर्षांचे? कमी दिले तर माणूस तोंडावर काही बोलत नाही, फक्त पुढच्या निरोपाला येत नाही. जास्त दिले तर शेजारच्या वहिनी म्हणतात, तुम्हीच भाव वाढवून ठेवलात. मी आत जाऊन ह्यांना विचारलं. पेपरामागून उत्तर आलं, "समजून दे." मी पाचशेची नोट दिली. अण्णांनी घडी करून खिशात ठेवली, शंभर परत दिले आणि दुधाचा चहा मागितला.

चहा पिता पिता त्यांनी खरा प्रश्न विचारला. "पाणी किती सोडता?"

इथंच तर सगळं अडतं. पुस्तिका म्हणते, दळताना नळ चालू ठेवा, नंतरही थोडा वेळ सोडा. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या गावी नळाला पाणी रोज येत असणार. आमच्याकडे उजनीचं पाणी येतं ते नेमून दिलेल्या वारी, आणि त्या दिवशी पिंपापासून कळशीपर्यंत घरातलं प्रत्येक भांडं तोंड वर करून बसतं. खरकटं वाहून न्यायला त्यातलं चांगलं पाणी ओतायचं म्हटलं की हात मागेच येतो.

"डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी ठेवत जा बादलीत. तेच ओता," अण्णा म्हणाले.

तसं सुरू केलं. पण ते पाणी आजवर गच्चीवरच्या कढीपत्त्याला जात होतं. आठ दिवसांत त्याची पानं पिवळी पडली. आता वाटणी ठरली आहे: बादली कढीपत्त्याची, सालं कोपऱ्यावरच्या म्हशीवाल्या मावशींची. यंत्राला रविवारी बर्फाचे खडे, मूठभर खडेमीठ आणि लिंबाची साल मिळते, तेवढ्यावर ते घरघरतं. लेकीचा फोन आला की मी तो स्वयंपाकघरात नेऊन त्याचा आवाज ऐकवते.

वाकडी किल्ली परत गच्चीवर गेली आहे. चिमट्यांची पिशवी दुसऱ्या कशाला नीट लटकतच नाही.