तुर्भ्याच्या भंगारातले लाल ओठ

भंगारवाल्याच्या लेखी फायबरच्या वस्तूला काडीची किंमत नसते. लोखंड, तांबं वितळून पुन्हा कामाला येतं. फायबरमधलं पॉलिएस्टर रेझिन एकदा घट्ट झालं की वितळत नाही, तापवलं तर नुसतं करपतं. त्यामुळे जुनी रेझिनची शिल्पं थेट डंपिंगवर जातात. मला तुर्भ्याला दिसलेले अडीच फुटी लाल ओठही त्याच वाटेवर होते. मी भाव विचारला आणि गडी सावध झाला. "ताई, हे वजनावर नाही, नगावर."

जुनी फायबरची शिल्पं जमवण्याचं हे वेड मला फ्रेंच-अमेरिकन शिल्पकार निकी द सां फालच्या 'नानां'मुळे लागलं. १९६५पासून तिने घडवलेल्या त्या गलेलठ्ठ, नाचऱ्या, रंगीबेरंगी बायका. पुढे ती पॉलिएस्टरमध्ये काम करायला लागली आणि त्याच्या वाफांनी तिच्या फुफ्फुसांची वाट लावली. तिची मूळ कामं घेणं आपल्या बसची बात नाही. मी जमवते त्या काळच्या पॉप आर्टच्या, म्हणजे रोजच्या वस्तूंच्या भडक कलेच्या, लाटेत दुकानं-हॉटेलांसाठी बनलेल्या निनावी वस्तू.

अशी वस्तू आधी पालथी घालून बघायची. ओठांच्या मागे हाताने बसवलेल्या मॅटचे, म्हणजे फायबरच्या चादरीचे, काचतंतू आणि ब्रशचे फटकारे स्पष्ट दिसत होते. हल्लीचे गिफ्टच्या दुकानातले 'पॉलिरेझिन'चे नग दगडाची भुकटी घातल्याने जड असतात, बुडाला फेल्ट चिकटवलेलं. मग मी मागचा लाकडी पाट सोडवला. स्क्रू सगळे जुन्या पद्धतीचे, सरळ खाचेचे. पाटाखालच्या कडेला लाल रंग टवटवीत, समोर विटका, आणि दात हळदीसारखे पिवळे. उजेड लागतो तिथे रेझिन जास्त पिवळं पडतं. चहाच्या पाण्याने 'जुनी' केलेली वस्तू उलट खाचाखोचांत जास्त पिवळी दिसते. विंटेज म्हणून विकणाऱ्यासमोर पाट सोडवायला सांगा, तोंडं बघण्यासारखी होतात.

सफाईला डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर सौम्य साबण आणि कापसाचे बोळे. थिनर किंवा ॲसिटोनला हात लावायचा नाही, रंग गेला तर गेलाच. चिवट डागांसाठी संग्रहालयांतले लोक चक्क लाळ वापरतात, तिच्यातल्या एन्झाइममुळे मळ सुटतो. मी नौपाड्यातल्या घरी बोळ्याला थुंकी लावून दात पुसत बसले असताना सासूबाई आत आल्या. त्या दिवसापासून त्या ओठांकडे बघतच नाहीत.

खालच्या ओठाला भेग होती. रबाळ्याला एमआयडीसीत फायबरचं काम करणारे काका आहेत, त्यांच्याकडे नेलं. "पावसात नको, माल नीट सुकत नाही. शिवाय गणपतीच्या ऑर्डरी आहेत," म्हणाले. नवरात्रात पुन्हा गेले, तर त्यांनी पॉलिश पेपर काढूनच ठेवलेला. "घासून, जेलकोट मारून नवाकोरा करून देतो, ताई." जेलकोट म्हणजे वरचा गुळगुळीत रंगीत थर. ह्यावर मात्र आमचं वाजलं. पन्नास वर्षांचं वय घासून टाकायचं आणि वर पैसे द्यायचे? शेवटी भेगेला फक्त मागून मॅट आणि रेझिनचा एक थर लावायचा, समोर हात लावायचा नाही, असं ठरलं. काकांनी हार्डनर मोजून टाकला, कारण जास्त झाला तर रेझिन तापून तडकतं. मागच्या बाजूला जेवढं घासावं लागलं तेवढ्यानेही रेझिनमधल्या स्टायरीन ह्या रसायनाचा उग्र वास सुटला. तिथे मास्क हवाच; काचेची धूळ अंगाला लागली तर रात्रभर खाज.

आमच्या हॉलला पश्चिमेचं ऊन येतं, म्हणून ओठ पॅसेजमध्ये लावलेत. काकांकडे सध्या माझा एक आइस्क्रीमचा कोन पडून आहे. त्याचं टोक तुटलंय, आणि ते नवं बसवायचं की नाही ह्यावर आमचं अजून जमलेलं नाही.