हायडलबर्गच्या पोथीतलं कल्याण

हायडलबर्गच्या जुन्या गावात प्ल्योक नावाचा एक अरुंद रस्ता आहे. त्या रस्त्यावर विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, लाल वालुकाश्मात बांधलेलं, १९०५ सालचं. या इमारतीच्या पोटात ग्रीक भाषेतली एक पोथी आहे, सुमारे अकराशे वर्षांपूर्वी चर्मपत्रावर हाताने लिहिलेली. तिच्यात माझ्या कल्याणचं नाव आहे.

शाळेच्या इतिहासात ‘पेरिप्लस’ हा शब्द एका वाक्यापुरता यायचा. रोमन काळातल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची लिहिलेली माहिती, एवढंच पाठ केलेलं. लेखकाचं नाव कुणालाच माहीत नाही. मजकूर इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, पण त्याच्या हातची प्रत कधीच नाहीशी झाली. आपल्यापर्यंत तो पोचला तो मुख्यतः या एका पोथीमुळे. लंडनमध्ये आहे ती पुष्कळ नंतरची नक्कल. नोकरीनिमित्त मी राहायला आले त्याच गावात ती असावी, हे कळल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही.

मूळ पोथी मी पाहिलेली नाही. वाचली ती तिची छायाचित्रं. ग्रंथालयाने सगळी पानं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत, म्हणजे कल्याणला बसूनही ती दिसतात. शोधताना पोथीचा क्रमांक महत्त्वाचा: कोडेक्स पालाटिनुस ग्रेकुस ३९८. या एका पोथीत बरेच ग्रंथ एकत्र बांधलेले आहेत, आणि पेरिप्लस सुरू होतो चाळिसाव्या पानाच्या मागच्या बाजूला.

आधी मी ग्रीक मुळाक्षरं शिकले. छापील अक्षरं आठवड्याभरात येतात. पोथीतलं जोडून लिहिलेलं वळण मात्र वेगळं, आपल्या मोडीसारखं. अक्षर ओळखीचं असूनही ओळख देत नाही. म्हणून एका बाजूला छापील संहिता आणि दुसऱ्या बाजूला पोथीचं पान ठेवून एकेक ओळ जुळवत गेले. अशी एका संध्याकाळी ती आठ अक्षरं सापडली. कप्पा, आल्फा, दोन लाम्डा, इओटा, एप्सिलोन, नी, आल्फा. काल्लिएना. पुढे ‘पोलिस’, म्हणजे नगर. आणि त्याच्या आधीचा शब्द सुप्पारा, आपला सोपारा.

मजकूर असा आहे: थोरल्या सारागानोसच्या काळात काल्लिएना हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण सांदानेसने ते ताब्यात घेतल्यापासून तिथे अडवणूक होऊ लागली, आणि चुकून तिकडे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात बारिगाझाला नेली जातात. बारिगाझा म्हणजे भरुच. सारागानोस हे सातकर्णी नावाचं ग्रीक रूप, असं अभ्यासक मानतात. सातवाहन आणि क्षत्रपांच्या झगड्यात आमची खाडी बंद पडली होती, आणि ते एका परक्या खलाशाने आपल्या धंद्याची अडचण म्हणून टिपून ठेवलं. कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत, ती मी लहानपणी सहलीत पाहिली होती. ती माणसं ज्या धक्क्यावर उभी असतील तिथेच हे जहाज अडवलं गेलं असेल का, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

पोथीचा स्वतःचा प्रवासही कमी नाही. पूर्वी इथल्या राजघराण्याचा ग्रंथसंग्रह बाजारपेठेतल्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये, वरच्या सज्ज्यांवर असायचा. १६२२ साली, तीस वर्षांच्या युद्धात, हायडलबर्ग पडलं आणि विजेत्यांनी तो संग्रह पोपला भेट दिला. सुमारे ३,५०० हस्तलिखितं खेचरांच्या पाठीवरून आल्प्स ओलांडून रोमला गेली. वजन कमी व्हावं म्हणून कित्येक ग्रंथांच्या बांधण्या उतरवून टाकल्या. पुढे नेपोलियनने त्यातले निवडक ग्रंथ पॅरिसला नेले, त्यांत ही पोथीही होती. १८१६ साली ती घरी परतली. बहुतेक ग्रीक आणि लॅटिन पोथ्या मात्र आजही व्हॅटिकनमध्येच आहेत.

त्या व्हॅटिकनमध्ये मला कल्याण दुसऱ्यांदा भेटलं. सहाव्या शतकात कोस्मास नावाचा एक व्यापारी होता, पुढे त्याने ख्रिस्ती धर्माच्या दृष्टीने जगाचं वर्णन करणारा ग्रीक ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की मिरी पिकते त्या मालेमध्ये, म्हणजे मलबारात, चर्च आहे, आणि काल्लियाना नावाच्या ठिकाणी पर्शियातून नेमलेला बिशप आहे. हे काल्लियाना म्हणजे कल्याणच, असं पुष्कळ अभ्यासकांचं मत. तिथून तांबं आणि कापड जायचं, असंही तो लिहितो. पोर्तुगीज यायच्या जवळजवळ हजार वर्षं आधीची ही गोष्ट. वसईच्या माझ्या मैत्रिणीला हा उतारा पाठवला, तेव्हा तिने तो लगेच घरच्या सगळ्यांना वाचून दाखवला.

कोस्मास शोधताना माझे दोन दिवस गेले, ते तुमचे जाऊ नयेत. जुने ग्रीक ग्रंथसुद्धा सूचीत बहुधा लॅटिन नावाने असतात, म्हणून ‘तोपोग्राफिया क्रिस्तियाना’ असं शोधायचं. छापील संहिता मीन्य या फ्रेंच पाद्रीच्या ‘पात्रोलोगिया ग्रेका’त आहे. एकोणिसाव्या शतकातली ही १६१ खंडांची माला, ग्रीकसोबत लॅटिन भाषांतर, आणि जुने खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट. कोस्मास ८८व्या खंडात. पण संदर्भात खंडापुढे जो आकडा असतो तो पानाचा नसून स्तंभाचा असतो! प्रत्येक पानावर दोन स्तंभ, प्रत्येकाला वेगळा क्रमांक. हे कळेपर्यंत मी भलतीच पानं चाळत होते. नवव्या शतकातली सचित्र पोथी पाहायची असेल तर ती व्हॅटिकनच्या डिजिटल ग्रंथालयात, ग्रीक ६९९ या क्रमांकाखाली मिळते. लॅटिनसाठी पर्सियस या संकेतस्थळावरून प्लिनी या पहिल्या शतकातल्या रोमन लेखकाचं सहावं पुस्तक काढा. भारताच्या व्यापारापायी रोमचे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, जातात, ही त्याची प्रसिद्ध तक्रार तिथेच आहे.

मागच्या रविवारी आईबाबांना व्हिडिओ कॉलवर पोथीचं पान दाखवलं. बाबांनी चष्मा पुसला, कागद घेतला आणि ती आठ अक्षरं एकेक करून उतरवून घेतली. आई मागे उभी राहून बघत होती. तिचं माहेर तेरचं.

“गोरोबाकाकांचं तेर आहे का गं त्यात?” तिने विचारलं.

आहे. कल्याणच्या जरा आधीच आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तागारा, फार मोठं नगर. तिथून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रं गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भरुचला जायची. मी हे वाचून दाखवलं तशी ती खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी बसली.

“परत वाच,” ती म्हणाली. “हळू वाच.”