रविवार रात्र, जमीन अजून हलतेय

पलंगावर बसलोय, पाय फरशीवर आहेत, तरी डोळे मिटले की खोली बोटीसारखी डावी-उजवीकडे झुलते. दोन दिवस बोटीवर काढले की होतं असं, एका झोपेत जातं म्हणे. केस दोनदा धुतले तरी खारटच लागतायत. ताई शेजारच्या खोलीत कधीच झोपली. मला झोप येत नाहीये म्हणून आजच सगळं लिहून काढतो, नाहीतर आठवड्याभरात "मस्त झाली ट्रिप" एवढंच उरेल डोक्यात.

परतीचं विमान उद्या संध्याकाळचं आहे. ताईने मुद्दाम तसंच बुक केलं, कारण एकापेक्षा जास्त स्कूबा डायव्ह, म्हणजे सिलिंडर लावून पाण्याखाली जाणं, झाल्या की निदान 18 तास उडायचं नाही. पाण्याखाली दाबाने जास्तीचा नायट्रोजन रक्तात आणि अंगात विरघळून बसतो आणि तो सावकाश, श्वासावाटे बाहेर पडावा लागतो. विमानात केबिनचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, तिथे घाईने गेलं तर तोच वायू बुडबुडे होऊन सांध्यांत, मणक्यात अडकू शकतो. म्हणजे आत्ता हे लिहिताना पण माझ्या प्रत्येक उच्छ्वासात दुपारच्या डायव्हचा थोडा थोडा हिस्सा बाहेर पडतोय. हा विचार मला फार आवडला, का ते नाही सांगता येणार.

शनिवारपासून सांगतो.

सकाळी सहाला बोट निघाली. आम्ही आठ डायव्हर, एक डायव्ह मास्टर, बोटीवरची दोन माणसं. वारा बेटाच्या एका अंगाला येत होता म्हणून बोट वळसा घालून आडोशाच्या बाजूला नेली, तर मधे ते टोक लागतं ना, तिथे लाटा चांगल्याच उचलत होत्या. समोरच्या एका मुलाला बोट लागली, बिचारा पांढराफटक. ताईने त्याला मागच्या बाजूला उघड्यावर बसवलं आणि क्षितिजाकडे बघत राहा, खाली वाकून सामानाशी खेळू नकोस म्हणाली. टोक ओलांडलं आणि पाणी एकदम शांत, निळ्याचं हिरवं झालं, खालची वाळू दिसायला लागली.

ताई सहा वर्षांपूर्वी इथेच आली होती. उत्तरेकडच्या उतारावर शिंगांसारख्या फांद्यांच्या प्रवाळाचा मोठा पट्टा आहे, तेव्हापासून त्याच्याबद्दल किती वेळा ऐकलंय मी. गेल्या वर्षी मी कोर्स केला तोसुद्धा तिने मागे लागून करायला लावला, "एकदा तुला तिथे न्यायचंय मला" म्हणून. खरं तर दोघांचं बोलणं हल्ली फोनवर, तेही आईच्या गोळ्या संपल्या का आणि कुठलं बिल कोणी भरलं एवढंच. दोन अख्खे दिवस एकत्र असे कित्येक वर्षांत मिळाले नव्हते.

तर पहिली डायव्ह. सामान अंगावर चढवलं, एकमेकांचं तपासलं, बीसीडीत, म्हणजे तरंगण्यासाठी फुगवायच्या जॅकेटमधे, हवा जाते-येते ना, वजनाचा पट्टा, सिलिंडरचा नॉब पूर्ण उघडा आहे ना, रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरायच्या श्वासाच्या यंत्रातून, दोन श्वास घेऊन बघायचे आणि घेताना हवेच्या दाबाचा काटा हलत नाही ना ते बघायचं. ताई हे दर वेळी पहिल्यांदाच करत असल्यासारखं करते, एक पायरी गाळत नाही. मग पाण्यात उडी, आणि नांगराच्या दोराला धरून खाली.

दोन मीटर. कानातला दाब बाहेरच्याइतका करायला नाक दाबून फुंकलं, डावा कान टक्कन सुटला, उजवा नाही. तीन मीटर, परत फुंकलं, नाही. मला वाटलं सुटेल पुढे, म्हणून तसाच उतरलो. चार मीटरवर उजव्या कानात कोणीतरी पेन्सिल खुपसतंय असं झालं.

कानाचं गणितच असं आहे की पहिले काही मीटरच सगळ्यात वाईट. जमिनीवर आपल्यावर एक वातावरण दाब असतो आणि समुद्रात 10 मीटर खाली गेलं की तो थेट दुप्पट होतो, म्हणजे कानाच्या पडद्यामागची हवा आकसून निम्मी. पुढच्या 10 मीटरला दुपटीवरून तिप्पट, म्हणजे त्या मानाने फरक कमी. म्हणून 20 मीटरवर आरामात फिरणारा माणूस चार मीटरवर अडकतो. आणि घसा-कान जोडणारी जी नळी असते ती एकदा दाबाने बंद बसली की जोर लावून उघडत नाही, उलट जोर लावला तर पडदा फाटू शकतो. हे सगळं मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलंय मी. तरी फुंकत राहिलो, कारण खाली ताईचा पट्टा होता.

ताई माझ्याहून दोनेक मीटर खाली होती. तिने मान वर केली, माझा हात नाकावरच बघितला आणि वळून वर आली. मी हात आडवा हलवला, काहीतरी गडबड, मग कानाकडे बोट. तिने खूण केली, थोडा वर ये. मीटरभर वर आलो, थांबलो, गिळून बघितलं, जबडा हलवून बघितला. नाही. परत एकदा. नाही. मी तिला खुणेने सांगत होतो की तू जा, मी दोर धरून वर जातो. तिने नुसती मान हलवली आणि अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ मस्त असा नाही, डायव्ह संपली, वर चल, असा आहे. आणि ती खूण कोणी केली की का म्हणून विचारायचं नसतं.

बोटीवर येऊन मी तोंड पाडून बसलो. सहा वर्षं वाट बघितलेली तिची डायव्ह सहा मिनिटांत संपली होती आणि ती शांतपणे माझा मास्क धुवत होती. मी म्हटलं ताई, सॉरी गं. तर म्हणाली, "अरे वेडा आहेस का, कान दुखत असताना तुला एकट्याला दोरावर सोडून मी खाली मासे बघत बसणार होते का?" मग दुसऱ्या डायव्हच्या आधी माझ्या मनात आलं की सर्दीची गोळी घेऊन नाक मोकळं करून बघू. त्यालाही नाही म्हणाली. गोळीचा असर पाण्याखालीच उतरला तर वर येताना फुगणारी हवा कानात कोंडते, आणि उतरताना कान अडला तर निदान थांबता तरी येतं, खालून वर तर यावंच लागतं.

दुसऱ्या डायव्हला ती डायव्ह मास्टरबरोबर गेली, मीच आग्रह केला. मी बोटीवर थांबलो.

हे मी आधी कधी केलं नव्हतं, वर बसून बुडबुडे बघणं. खालून सुटताना बुडबुडा लहान असतो आणि वर येईल तसा दाब कमी होत फुगत जातो, पृष्ठभागाशी पोचेपर्यंत थाळीएवढा, मधून चपटा, चांदीसारखा, आणि मग फुटतो. बोटीवरच्या माणसाने मला शिकवलं, ते बघा तिथे चार जणांचे जवळजवळ आहेत, आणि तो एक जरा बाजूला. प्रत्येकाचा ताल वेगळा असतो म्हणाला. थोड्या वेळाने मला खरंच ताईचे ओळखू यायला लागले असं वाटलं, लांब लांब अंतराने येणारे, कारण ती फार सावकाश श्वास घेते. मधेच एकदा बराच वेळ काही आलं नाही आणि माझ्या पोटात गोळा आला. मग आले. चाळीस मिनिटं मी त्या पाण्यावरून नजर हलवली नाही.

रात्री लवकर झोपलो. सकाळी उठल्या उठल्या नाक दाबून बघितलं, दोन्ही कान टक्कन.

आज पहिल्याच डायव्हला उत्तरेचा उतार. या वेळी मी बोटीवरच दोनदा कान सोडून घेतले आणि खाली दर अर्ध्या मीटरला, दुखायच्या आधी. पाच मीटर, आठ, बारा. ताई समोर तोंड करून माझ्या पातळीवरच उतरत होती, माझ्या डोळ्यांत बघत. तिचे लाल फिन्स खाली जाता जाता तपकिरी झाले आणि मग जवळजवळ काळे, कारण पाणी सगळ्यात आधी लाल प्रकाश पिऊन टाकतं. 17 मीटरवर तळ आला. मनगटावरच्या, खोली आणि वेळ दाखवणाऱ्या डायव्ह कंप्युटरकडे बघितलं, सगळं ठीक, तिने बोटांचं वर्तुळ केलं, मीही केलं.

आधी आवाज सांगतो. कोणी म्हणतं समुद्राखाली शांतता असते, अजिबात नाही. आपला श्वास, बुडबुड्यांचा गडगडाट, आणि सतत करकर. ती करकर बरीचशी चिमटा आपटणाऱ्या बारक्या कोळंबीची, आणि मधे मधे पॅरटफिशची. पोपटाच्या चोचीसारखे दात असतात या माशाचे, दगडावरचं शेवाळ ओरबाडताना मेलेला प्रवाळही चावतो आणि तो दळून वाळू होऊन मागून बाहेर पडतो. माझ्यासमोर हातभर अंतरावर एकाने अशी पांढरी धूळ सोडली, आणि मोठा असेल तर एक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, म्हणून दोन कानांमधला फरक कळत नाही आणि करकर कुठून येतेय ते समजतच नाही, सगळीकडूनच येते.

आणि मग पट्टा आला.

मला वाटतं माझ्याआधी तिला कळलं. ती थांबली, अंग आडवं, हात छातीशी बांधलेले, आणि नुसती तरंगत राहिली. समोर फांद्या होत्या, शिंगांसारख्याच, ती सांगायची तशा, पण बऱ्याचशा राखाडी, वर केसाळ शेवाळ चढलेलं, काही मोडून पडलेल्या. मधे मधे एकदम पांढऱ्या, खडूसारख्या. पांढरा म्हणजे अजून मेलेला नसतो, उपाशी असतो. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, रंगही त्याचा आणि बहुतेक अन्नही तेच बनवून देतं, पाणी फार दिवस जास्त तापलं की प्रवाळ त्यालाच बाहेर टाकतो. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येऊ शकतं. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या विरंजनाची, म्हणजे प्रवाळ असा पांढरा पडण्याची, चौथी लाट जाहीर केली तेव्हा बातमी वाचून मी पुढे सरकलो होतो. आज ती बातमी दोन हातांवर होती.

ताईचे बुडबुडे अजूनच लांब लांब झाले. वर असतो तर काहीतरी बोललो असतो, काय ते माहीत नाही, बहुधा चुकीचंच. खाली काहीच बोलता येत नाही. मी तिच्या बाजूला जाऊन थांबलो, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ, आणि एक श्वास तिचा एक माझा असं होत राहिलं.

मग तिने टॉर्च काढला. त्या मेलेल्या फांद्यांच्या बुडाशी, सावलीत, प्रकाश पडला आणि रंग परत आले, गुलाबी, जांभळा, आणि तिथे नाण्याएवढे नवीन अंकुर होते. एक, मग दुसरा, मग मी एक शोधला आणि तिचा हात धरून दाखवला. फांद्यांचा प्रवाळ वर्षाला 10 सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतो, गोल दगडासारखा असतो तो जेमतेम एखादा सेंटीमीटर. आम्ही दोघं उलटे टांगल्यासारखे होऊन अंकुर मोजत होतो, हात न लावता, फिनने वाळू न उडवता. सातापर्यंत मोजले. मग तिने दोन बोटं तळहातावर टेकवली, हवा किती. माझी 90 बार, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब, सुरुवातीला 200 होता. 17 मीटरवर दाब वरच्या 2.7 पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला तेवढीच जास्त हवा जाते. वळलो.

उतारावरून हळूहळू वर येत पाच मीटरला तीन मिनिटं थांबलो, नायट्रोजनसाठी. टप्प्याटप्प्याने वर यायचं हे जॉन हाल्डेन या शास्त्रज्ञाने 1908 मध्ये मांडलं, शेळ्यांवर प्रयोग करून, ब्रिटिश नौदलाच्या डायव्हरांसाठी. त्याच्या आधी किती माणसं लुळी पडली असतील, गेली असतील. मला या तीन मिनिटांत नेहमी कंटाळा यायचा, आकडा कधी संपतो बघत राहायचो. आज एक कासव आलं खालून, आमच्यापासून थोड्या अंतरावरून वर गेलं, डोकं बाहेर काढून श्वास घेतला आणि परत खाली. ताईने माझ्याकडे बघितलं तेव्हा मास्कच्या आत तिचे डोळे ओले होते की मास्कमधे पाणी शिरलं होतं, मी विचारलं नाही.

दुपारची डायव्ह टोकापाशी, करंटबरोबर वाहत जायची, माशांचे थवेच थवे. छान होती. पण मनाने मी अजून त्या उतारावरच होतो.

संध्याकाळी लॉगबुकं भरली. आजची पहिली: खोली 17 मीटर, वेळ 44 मिनिटं, सुरुवात 200 बार, शेवट 60. बडी, म्हणजे डायव्हचा जोडीदार, म्हणून ताईने सही केली, आणि मग पान मागे उलटून म्हणाली, "शनिवारची कुठेय?" मी म्हटलं अगं ती कसली डायव्ह, चार मीटर. तिने पेन माझ्या हातात दिलं आणि बसून राहिली.

लिहिलं. खोली 4 मीटर, वेळ 6 मिनिटं, उजवा कान सुटला नाही, बडीने वर आणलं. त्याखाली तिने सही केली.