माराईयाला दूध पाजणाऱ्या आया

भायखळ्याच्या आमच्या मंडळीत मिशनऱ्यांचा विषय निघाला की गॉर्डन हॉलपासून सुरुवात होते. साहजिकच आहे. फेब्रुवारी १८१३मध्ये हॉल आणि नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, त्यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. पण या दोघांबरोबर ६ फेब्रुवारी १८१२ला अमेरिकेतल्या सेलमच्या चर्चमध्ये दीक्षा घेतलेल्यांत अडोनिराम जडसनही होता. आदल्याच दिवशी त्याचं ॲनशी लग्न लागलेलं. हे जोडपं जुलै १८१३मध्ये रंगूनला पोचलं. आपल्याकडे त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बौद्ध ब्रह्मदेशात त्यांच्या हातून पहिला बाप्तिस्मा झाला तो १८१९मध्ये. “सहा वर्षांत एकच माणूस?” असं कुणी विचारलं की मला राग येतो. त्या वर्षांत दोघं भाषा शिकत होती. वाटसरू टेकतात तशी पडवी बांधून, येईल त्याच्याशी तासन् तास बोलायची तयारी करत होती. लोकांची भाषाच येत नसेल तर त्यांना सांगणार काय?

मग १८२४ला इंग्रजांशी युद्ध पेटलं आणि हेर समजून अडोनिरामला ब्रह्मी राजधानी आव्याच्या तुरुंगात टाकलं. ॲन गरोदर होती. तरी अधिकाऱ्यांच्या दारी खेटे घालायची, तुरुंगात जेवण पोचवायची. बायबलमधल्या नव्या कराराच्या भाषांतराची हस्तलिखितं तिनं उशीत शिवून त्याला दिली; उशी मुद्दाम इतकी टणक केली की कुणाला चोरावीशी वाटू नये.

पण मला सगळ्यात भिडतो तो पुढचा भाग. कैद्यांना ऑंगपिनले गावी हलवल्यावर ॲन तापानं अंथरुणाला खिळली, दूध आटलं. काही महिन्यांची लेक माराईया भुकेनं सुकत चालली. ॲननं स्वतः पत्रात लिहिलंय, की पहारेकऱ्यांना भेटवस्तू देऊन नवऱ्याला तुरुंगाबाहेर जायची परवानगी मिळवली आणि तो लेकीला घेऊन गावातल्या अंगावर पाजणाऱ्या बायांकडे दूध मागत फिरला.

ब्रह्मी गावातल्या त्या आयांनी शत्रू समजल्या गेलेल्या कैद्याच्या पोरीला पदराखाली घेतलं. आपण मिशनऱ्यांनी काय दिलं तेवढंच सांगतो. हे घेणंही सांगायलाच हवं.

आमच्या मजल्यावरच्या मावशी बौद्ध आहेत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांसाठी त्यांच्या घरी पुऱ्या लाटायला मी जाते. तिथंच त्यांना हे सांगितलं. लाटणं थांबवून त्यांनी विचारलं, “त्या बायांच्या घरच्यांनी चालू दिलं गं?” हा प्रश्न आमच्या सभेत कधी कुणाला पडला नव्हता.

युद्ध संपलं, कैदी सुटले. पण ऑक्टोबर १८२६मध्ये ॲन गेली, नवरा जवळ नसताना. सहा महिन्यांनी माराईयाही. अडोनिरामनं पुढं संपूर्ण बायबल ब्रह्मी भाषेत आणलं.

येत्या महिला सभेत पाळकसाहेब भाषांतरावर बोलतील, ऑंगपिनलेवर मी. मावशींनाही बोलावलंय, येते म्हणाल्यात.