सहा साधनांचा माणूस

बुधवार, रात्री

आज पुन्हा जपानचा जिम्नॅस्ट कोहेई उचिमुरा याची २०१६ची रिओ ऑलिंपिकमधली ऑल-अराउंड फायनल बघत बसले. निकाल पाठ आहे, तरी छातीत धडधडतंच. जिम्नॅस्टिक्सच्या सहा साधनांपैकी पाच संपली तेव्हा युक्रेनचा ओलेग वेर्नियाएव ०.९०१ गुणांनी पुढे होता. उरला होता फक्त हॉरिझॉन्टल बार, म्हणजे उंचावरचा आडवा दांडा. उचिमुराने बार सोडला, हवेत गिरक्या घेतल्या, पुन्हा अचूक पकडला, आणि शेवटी गादीवर उतरला तो पाय रोवूनच. १५.८०० गुण! वेर्नियाएवचा बार तितका जमला नाही. ०.०९९ने सुवर्ण.

नंतर एका पत्रकाराने उचिमुराला विचारलं, पंच तुमच्याकडे झुकतात का? तेव्हा वेर्नियाएवच त्याच्या बाजूने बोलला, असल्या प्रश्नाला अर्थ नाही म्हणाला. नुकतंच सुवर्ण हुकलेला माणूस! फार मोठं मन.

आईवडील दोघंही जिम्नॅस्ट, नागासाकीजवळ इसाहायात त्यांचा क्लब. पोरगा तिथेच वाढला. २००९ ते २०१६ या काळात सहा जागतिक आणि दोन ऑलिंपिक ऑल-अराउंड विजेतेपदं, मध्ये एकही हार नाही. ऑल-अराउंड म्हणजे सहाही साधनांवर कस लागतो. एकात चमकून भागत नाही, आणि त्याचा जीव होता तो त्यातच.

म्हणून पुढची वर्षं बघताना मला त्रास होतो. २०१७ला माँट्रियलच्या जागतिक स्पर्धेत व्हॉल्टवरून (उडी मारायच्या साधनावरून) उतरताना घोटा दुखावला आणि स्पर्धा सोडावी लागली. मग खांदे कुरकुरायला लागले. टोकियो ऑलिंपिकला तो फक्त बारपुरता उतरला आणि पात्रता फेरीतच हात सुटून खाली पडला. घरच्या ऑलिंपिकमध्ये! ते दृश्य मी एकदाच पाहिलंय, पुन्हा बघवत नाही.

तीनच महिन्यांत जन्मगावी, किताक्युशूत, जागतिक स्पर्धा होती. तिथे बारच्या फायनलमध्ये सहावा आला. पण उतरला कसा, पाय जराही न हलवता! मला ते सहावं स्थान त्याच्या कितीतरी पदकांहून जवळचं वाटतं.

२०२२च्या मार्चमध्ये टोकियोत निरोपाचा कार्यक्रम झाला. वय ३३. नुसत्या बारवर निरोप घेतला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. पण त्याने फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार, बार, सगळं केलं. खांद्यांची ती अवस्था असताना! उद्या सुट्टी आहे, तो कार्यक्रम पहिल्यापासून बघणार.